वेतनाचं पोस्टर लावताना

अमेरिकेत मोटेल, दुकान किंवा छोटं ऑफिस चालवत असाल तर कामगारांचे हक्क सांगणाऱ्या, भिंतीवर लावाव्याच लागणाऱ्या वेतनाच्या नोटिसांचं काम डिसेंबरातच हातावेगळं करा. कागद छापायच्या आधी भिंत ठरवा. फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट या किमान वेतनाच्या कायद्याखालच्या नियमाची अट साधी आहे: कामगारांना सहज वाचता येईल अशा ठळक जागी नोटीस हवी, आणि ती प्रत्येक आस्थापनेत हवी. म्हणजे मोटेल दोन असतील तर फलकही दोन. मालकाच्या केबिनमध्ये लावलेलं पोस्टर मालकच वाचतो. कामावर आल्याची वेळ जिथे नोंदवतात ती भिंत उत्तम, कारण तिथे सगळे रोज दोनदा थांबतात. मी एका ठिकाणी हिशेब पाहायला जायचे, तिथे घड्याळाशेजारी छान लॅमिनेट केलेलं पोस्टर होतं, पण त्याच्यावरच कोट अडकवायच्या खुंट्या होत्या. थंडी पडली की किमान वेतनाचा आकडा कोटांमागे गडप. कायदा तेवढा उन्हाळ्यात पाळला जायचा.

मग फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, पोस्टर घ्या. ते कामगार खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. ‘ताबडतोब पैसे भरा, नाहीतर दंड’ अशी सरकारी थाटाची पत्रं टपालाने येतात. ती पोस्टर विकणाऱ्या खासगी कंपन्यांची असतात, सरळ कचऱ्यात टाका. तासाला ७.२५ डॉलर हा फेडरल दर २४ जुलै २००९ पासून हललेला नाही, त्यामुळे जुना कागद चालेल असं वाटतं. तो चालत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला दूध काढायला वेळ आणि जागा देण्याचा हक्क २०२२ च्या अखेरीस वाढवला गेला आणि एप्रिल २०२३ मध्ये पोस्टर बदललं. तळाशी बारीक अक्षरात तारीख असते, ती चष्मा लावून पाहा. या पोस्टरला आकाराचं बंधन नाही. शेजारी लागणाऱ्या सुरक्षिततेच्या पोस्टरला मात्र आहे, किमान साडेआठ बाय चौदा इंच, म्हणून ते नेहमीच्या लेटर साइझ कागदावर छापू नका.

खरी मेहनत राज्याच्या कागदांची. फेडरल पोस्टर लावलं म्हणून राज्याचं टळत नाही, आणि दोन्ही दर लागू असतील तर पगार जास्त दराने द्यायचा. कॅलिफोर्नियात किमान वेतनाच्या नोटिशीबरोबर तुमच्या व्यवसायाला लागू असलेला वेज ऑर्डर, म्हणजे त्या धंद्यासाठीचे राज्याचे वेतनाचे नियम, हवा, शिवाय पगार कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे मिळेल याची वेगळी नोटीस. ही शेवटची बहुतेक जण विसरतात. दर बदलण्याच्या तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा: बऱ्याच राज्यांत १ जानेवारी, ओरेगनमध्ये आणि सॅन फ्रान्सिस्को शहरात १ जुलै, फ्लोरिडात ३० सप्टेंबर. हो, शहराचाही वेगळा दर असू शकतो.

लाय डिटेक्टर, म्हणजे खोटं पकडायच्या यंत्राच्या चाचणीविषयीचं फेडरल पोस्टर नोकरी मागायला आलेल्या माणसालाही दिसायला हवं. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर कौटुंबिक रजेच्या पोस्टरचंही तेच. आणि कामगारांपैकी बऱ्याच जणांना इंग्रजी वाचता येत नसेल तर रजेची ती नोटीस त्यांना येणाऱ्या भाषेत द्यावी लागते. वेतनाच्या पोस्टरला तशी सक्ती नाही, पण स्पॅनिश प्रत फुकट असताना न लावण्यात काय अर्थ?

‘सगळं ऑनलाइन टाकलंय’ म्हणून भिंत मोकळी ठेवता येत नाही. सगळेच कर्मचारी कायम घरून काम करत असतील, त्यांना एरवीही माहिती ऑनलाइनच मिळत असेल आणि ते पान त्यांना केव्हाही उघडता येत असेल, तरच नुसती ऑनलाइन नोटीस पुरते.

वेतनाचं फेडरल पोस्टर न लावल्याबद्दल थेट दंड नाही, हे ऐकून कुणी निर्धास्त होऊ नये. थकलेल्या वेतनाचा दावा एरवी दोन वर्षांत करावा लागतो, मालकाने जाणूनबुजून कमी दिलं असेल तर तीन. पोस्टरच नव्हतं म्हणून ही मुदत कामगाराला हक्क कळेपर्यंत मोजायचीच नाही, असं काही फेडरल न्यायालयांनी धरलं आहे.

जुना कागद काढलात की त्याच्या पाठीवर तारीख लिहून फायलीत ठेवा. नव्याचा फोटो काढताना थोडं मागे सरका, खुंट्या कुठे आहेत तेही त्यात येऊ दे.