विमानाने निघताना खाऊची पिशवी कशी भरावी

आधी तिकीट बघा, प्रवास देशातला आहे की परदेशातला. खाऊची निम्मी भानगड तिथेच मिटते. देशातल्या देशात जात असाल तर पाण्याची बाटली हातातल्या बॅगेत घेऊन बिनधास्त निघा. कधीतरी एक घोट पिऊन दाखवायला सांगतील, दाखवा. परदेशी चालला असाल तर तीच बाटली तपासणीआधी रिकामी करायची आणि आत जाऊन पुन्हा भरून घ्यायची. लोक बाटलीच टाकून देतात आणि आत पाणी विकत घेतात, त्याची काही गरज नाही. रिकाम्या बाटलीला कोणी हरकत घेत नाही.

परदेशी प्रवासात पातळ पदार्थांना १०० मिलीची मर्यादा आहे. २००६ साली लंडनमध्ये शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रवरूप स्फोटकं विमानात नेण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासून हे सुरू झालं. मर्यादा बाटलीच्या मापाला आहे, आतल्या मालाला नाही. दोनशेच्या बाटलीत तळाशी चमचाभर कोकम सरबत उरलं असलं तरी ती बाटली बाहेर. अशा सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत बसल्या पाहिजेत. आणि पातळ म्हणजे फक्त पेय नव्हे. दही, आमरस, मुरांबा, ओली चटणी, तूप, लोणचं हे सगळं त्याच हिशेबात येतं. चमच्याने पसरतं ते पातळ, असं धरून चाला. तान्ह्या बाळाचं दूध आणि औषधं यांना सवलत आहे, पण औषधाची चिठ्ठी जवळ ठेवा.

आता आपल्याकडचा, म्हणजे कोकणातला खरा प्रश्न, आगळ. आगळ म्हणजे कोकमाचा घट्ट रस. घरून निघताना कोणीतरी ती बाटली हातात कोंबणारच. ती चेक-इन बॅगेतच, म्हणजे काउंटरवर सोपवतो त्या मोठ्या बॅगेतच जायची, आणि काचेची नको. प्लास्टिकच्या बाटलीत ओता, जराशी दाबून वरची हवा काढून टाका आणि मग झाकण लावा. वर गेल्यावर विमानातला हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी होतो, बाटलीत कोंडलेली हवा फुगते आणि झाकणातून आगळ बाहेर ढकलते. झाकणाखाली प्लास्टिकचा एक तुकडा, बाहेरून दोन पिशव्या, मध्ये वर्तमानपत्राचा कागद. एवढं करून वर जुना पंचा गुंडाळा. आगळाचा डाग काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. तळलेल्या फणसाच्या गऱ्यांची पाकिटंही दाबाच्या याच कारणाने फुगतात, म्हणून ती ठासून भरू नका. सोलकढी मात्र नेऊच नका. नारळाचं दूध प्रवासाच्या उकाड्यात टिकत नाही, आणि आगळ पोचलं की तिथे ताजी करता येते.

आंबापोळी, फणसपोळी, काजू, खाजं, खडखडे लाडू हे हातातल्या बॅगेत निर्धास्त ठेवा. आंबेही चालतात, पण वजनाचं गणित आधी करा. हापूसचं एक फळ दोनशे ते तीनशे ग्रॅम, म्हणजे डझन साधारण तीन किलो. पाच डझनांची पेटी घेतलीत तर देशातल्या तिकिटावरचे चेक-इनचे नेहमीचे १५ किलो तिथेच संपले, कपडे अंगावर घाला. आंबा विमानात खायचा असेल तर घरीच फोडी करून डब्यात भरा, कारण सुरी आत जाणार नाही.

सुकं खोबरं चेक-इन बॅगेत नको. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून मनाई आहे. ओल्या नारळाबद्दल प्रत्येक विमान कंपनीचं म्हणणं वेगळं, तेव्हा विचारून घ्या. खरं तर घेऊच नका, नारळ आता सगळीकडे मिळतो. मसाला आणि तिखट मात्र चेक-इनमध्येच, हातातल्या बॅगेतली पूड ठेवून घेतात. सुके बोंबील न्यायचेच असतील तर हवाबंद पाकिटात, आणि कंपनीला आधी विचारून. वासावरून अडवलं तर वाद घालू नका, तुमची बाजू लंगडी आहे. फेणी बाटलीच्या मूळ सीलसकट चेक-इनमध्ये जाते, गुजरातला निघाला असाल तर तीही घरी ठेवा.

गोव्यातल्या मोपा विमानतळावरून किंवा मुंबईवरून आखातात जाणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघायची, ती म्हणजे खसखस. संयुक्त अरब अमिरातीत ती बंदी घातलेल्या पदार्थांत मोडते, आणि त्यापायी माणसं अडकलेली आहेत. आपण खसखशीचं पाकीट नेत नाही हो, पण ती मालवणी मसाल्यात असते, करंजीच्या सारणात असते आणि अनारशाला तर वरूनच लावलेली दिसते. आईने किंवा काकीने मसाला दळून दिला असेल तर त्यात काय काय घातलंय ते तोंडावर विचारा. दुखावतील, दुखावू द्या. तुमच्यासाठी वेगळा, बिनखसखशीचा मसाला दळायला सांगणं सगळ्यात बरं, रस्सा तेवढ्यासाठी बिघडत नाही. दुसऱ्यासाठी पुडकं नेत असाल तर ते उघडून बघितल्याशिवाय बॅगेत घालू नका, मग देणारा सख्खा शेजारी का असेना.

ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिकेत ताजी फळं नेऊ नका, आणि जे काही खाण्याचं जवळ असेल ते उतरल्यावर जाहीर करा. लपवलेलं सापडलं की दंड होतो.

निघायच्या सकाळी डबा भरताना रस्सा, उसळ असलं काही नको. घावणे आणि गूळखोबरं उत्तम, ना सांडतं ना वास येतो. सावंतवाडी, कुडाळकडून मोपाला जाताना गाडीतच थोडं खाऊन घ्या. उरलेला डबा बॅगेत सगळ्यात वर ठेवा, म्हणजे तपासणीच्या ट्रेमध्ये वेगळा काढायला सांगितला तर मागच्या रांगेसमोर सगळी बॅग उपसावी लागत नाही.