पिल्लू सापडलं? आधी दुधाची वाटी आत ठेवा

मे महिना अर्धा सरला की आमच्या पडवीत बुटांचे खोके येऊ लागतात. खोक्यात कापूस, कापसात बुलबुलाचं पिल्लू आणि पिल्लाच्या गळ्यावर वाळलेलं दूध. आणणारा मनापासून आणतो, म्हणून तोंडावर काही बोलवत नाही. पण वीसेक वर्षं हेच बघतोय: पडून मेलेली पिल्लं थोडी, पाजून मारलेली जास्त. तेव्हा दुधाची वाटी आत ठेवा, ड्रॉपर औषधाच्या डब्यात परत टाका आणि मग पुढचं वाचा.

आधी बघा

अंगभर पिसं, शेपूट बोटाच्या पेराएवढी, चोचीच्या कोपऱ्यांना पिवळी किनार, आणि तुम्ही जवळ गेलात की टुणटुण उड्या मारत जास्वंदीखाली घुसतं. हे पिल्लू पडलेलं नाही आणि कुणी टाकलेलंही नाही. बुलबुलाची पिल्लं बारा-तेरा दिवसांची झाली की घरटं सोडतात, आणि तेव्हा त्यांना धड उडता येत नसतं. पुढचे काही दिवस जमिनीवर आणि झुडपात जातात, आईबाप तिथेच येऊन भरवतात. दयाळ, साळुंकी, सातभाई, कावळा, थोड्याफार फरकाने सगळ्यांचं असंच. असं पिल्लू घरात आणणं म्हणजे अंगणात खेळणारं पोर उचलून नेणं. मांजर फिरत असेल तर मांजराला कोंडा. फार तर पिल्लू जवळच्या झुडपातल्या आडव्या फांदीवर ठेवा आणि घरात जा.

उचलायचं ते वेगळंच दिसतं. गुलाबी, उघडं, डोळे मिटलेले, किंवा पिसांच्या जागी नुसत्या निळसर नळ्या फुटलेल्या. शिवाय वय कितीही असो, रक्त आलेला, पंख लोंबणारा, मांजराच्या तोंडातून सुटलेला, अंगावर मुंग्या चढलेला पक्षी उचलायचाच.

माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, असं माझी आजी सांगायची. बहुधा आम्ही घरट्यात हात घालू नयेत म्हणून सांगत असावी. त्यात तथ्य नाही. बिनधास्त उचला.

परत वर ठेवणं

सगळं काम खरं इथे आहे, आणि मी इथेच तीनदा आपटलोय.

घरटं शाबूत असेल आणि हात पोचत असेल तर दोन मिनिटांचं काम. फक्त पिल्लू गार लागत असेल तर आधी मुठीत धरून ऊब द्या. गार पिल्लू चोच उघडत नाही, आणि जे चोच उघडत नाही त्याला आई भरवत नाही.

घरटं फाटून खाली आलं असेल तर मात्र नवं द्यावं लागतं. पहिल्यांदा मला वाटलं, करवंटीसारखी गोष्ट नाही. गोल, हलकी, घरातच पडलेली. क्रोटनला बांधली, आत दोन पिल्लं ठेवली. रात्री वळवाची एक सर आली. सकाळी करवंटीत पाणी होतं, बाकी लिहीत नाही. करवंटी घ्यायचीच तर डोळ्यांकडची अर्धी घ्या आणि मऊ डोळा फोडून टाका, म्हणजे पाणी खालून निघून जातं. तरी आतली बाजू गुळगुळीत असते. पिल्लाचे पाय फाकतात आणि तसेच वाढतात. आत सुकं गवत आणि बारीक काटक्या नीट दाबून बसवा. कापूस नको, सुटा काथ्याही नको. धागे बोटांना गुंडाळतात आणि बोट काळं पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या वर्षी शहाणा झालो होतो. बांबूची परडी घेतली, बूड झिरपणारं, आत गवत, सगळं बेतशीर. हापूसच्या जुन्या कलमावर छान सावलीत टांगली. आंब्यावर ओंबील, म्हणजे चावरी लाल मुंगी, असते हे काय मला माहीत नव्हतं? लहानपणापासून चावे खाल्लेत. पण वर बघितलंच नाही. पानं एकमेकांना जोडून केलेली त्यांची हिरवी घरटी माझ्या डोक्यावर चार हातांवर होती. उजाडताना गेलो तेव्हा परडी लाल झाली होती.

म्हणून झाड आधी निरखा. खोडावर हात टेकून मिनिटभर थांबा, मुंग्या असतील तर हातालाच कळेल. दोन फांद्यांपलीकडे ओंबिलाचं घरटं असलं तरी ते झाड सोडा. मुंग्या मारायचा खडू ओढा, पावडर मारा असले सल्ले देणारे भेटतील. ते विष पिल्लालाही विषच. झाड बदला.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त टोचते, कारण तेव्हा सामान सगळं बरोबर होतं. परडी बांधली आणि आई येते का बघायला पायरीवर बसलो. दोन तास बसलो. आली नाही, म्हणून पोरकं समजून पिल्लू घरात आणलं आणि तिसऱ्या दिवशी ते गेलं. नंतर बायकोने सांगितलं, तू बसला होतास तेवढा वेळ बुलबुल वायरवर चोचीत नाकतोडा धरून ओरडत होती. तिने पिल्लू टाकलंच नव्हतं. तिच्या वाटेत मी बसलो होतो.

आता असं करतो. परडी, नाहीतर बुडाला भोकं पाडलेला अर्ध्या किलोच्या श्रीखंडाचा डबा. फार खोल नको, पिल्लाची मान काठावर यायला हवी. जुन्या घरट्यापासून जमेल तितकी जवळ, सावलीत, माणसाच्या डोक्याच्या वर, आणि दोन ठिकाणी बांधलेली, म्हणजे झोका घेत नाही. मग सगळ्यांनी घरात. दार लोटून घ्यायचं आणि खिडकीच्या फटीतून बघायचं. दिवसाउजेडी दोन तास द्या. संध्याकाळी पाचला हा उद्योग सुरू करू नका. अंधार पडला की आईबाप भरवत नाहीत. तेव्हा रात्रभर खोक्यात उबेत ठेवा आणि उजाडताच वर बांधा.

ढोलीत राहणाऱ्यांना परडी चालत नाही. साळुंकी, दयाळ, तांबट, पोपट यांना अंधारं भोक लागतं. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि आमच्या दापोलीकडच्या वाड्याही आडव्या झाल्या. आमचे अकरा माड मोडले. त्यातल्या एकाच्या ढोलीत साळुंकीची दोन पिल्लं जिवंत. वीज नाही, फोनला रेंज नाही, रस्त्यावर झाडं, कुणाला बोलावणार? ढोलीच्या वरखाली करवत लावून अडीच फुटांचा तुकडा काढला. वरच्या तोंडावर पत्रा ठोकला आणि दोघांनी मिळून तो शेजारच्या फणसाला आठ फुटांवर सुंभाने आवळला. भोकाचं तोंड होतं त्याच दिशेला ठेवलं. खोड सरळ उभं हवं, आडवं बांधलं तर पिल्लं घरंगळतात. तिसऱ्या तासाला साळुंकी किडा घेऊन आत शिरली. एरवीही माड किंवा सुकलेलं झाड तोडणाऱ्याला कोयता लावायच्या आधी ढोल्या बघायला सांगा. एप्रिल-मेमध्ये तर शक्यतो तोडूच नका.

खोकं

पुठ्ठ्याचं, झाकणाचं, हवेला पेन्सिलीएवढी भोकं, तळाला जुना सुती पंचा. पिंजरा नको, पक्षी गजांवर आपटून पिसं मोडून घेतो. उघड्या पिल्लासाठी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवा, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येईल. खोकं शांत, अंधाऱ्या खोलीत. टीव्हीच्या खोलीत नको, आणि शेजारची पोरं दर पाच मिनिटांनी झाकण उघडणार असतील तर कुलूप लावा.

चोचीत काही घालायचं नाही

पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या मुळाशी उघडते. वरून थेंब सोडला की तो पोटात न जाता फुप्फुसात जातो. पक्षी शिंकल्यासारखं करतो, लोक म्हणतात "प्यायला", आणि सकाळी तो मेलेला असतो. घशाखाली उतरलेलं दूधही त्याला पचत नाही. दूध पिणारी जात नाही ती. दूधभात, पाव, भिजवलेली पोळी, सगळं त्यातच आलं. होला आणि पारवा आपल्या पिल्लांना 'दूध' देतात असं कुणीतरी सांगेल. ते त्यांच्या गळ्याखालच्या पिशवीत तयार होतं, डेअरीत नाही.

मोठ्या, शुद्धीवर असलेल्या पक्ष्यापुढे उथळ ताटलीत पाणी ठेवा. प्यायचं तर तो पिईल. पिल्लाची मदत यायला एक रात्र लागणार असेल तर नुसती ऊब पुरते. दिवस जाणार असेल आणि पिल्लू स्वतः चोच वासत असेल, तरच उकडलेल्या अंड्याचा मुगाएवढा कण बोथट काडीवर द्या. वासत नसेल तर नाही. जबरदस्तीने चोच उघडणाऱ्यांच्या हातून ती मोडलेली मी बघितली आहे.

जखमेवर हळद-खोबरेल हा आपला हक्काचा इलाज, तोही नको. तेलाने पिसं चिकटतात, मग पक्ष्याला ऊबही धरता येत नाही आणि उडताही येत नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने हलकं दाबून धरा. पंखाला काड्या बांधू नका. माणसांच्या गोळ्या तर नकोतच.

कोण आहे त्याप्रमाणे

जूनमध्ये पावसाबरोबर तिबोटी खंड्या येतो, मुठीएवढा, रंगांची उधळण. आणि नव्या बंगल्यांच्या काचांवर थाडकन आपटतो. बेशुद्ध दिसला तरी खोक्यात दोन तास ठेवा, मग बाहेर नेऊन झाकण उघडा. हवेत उडवून "बघू जातो का" करायचं नाही. नाही गेला तर झाकण परत लावा आणि फोन करा.

मांजराने धरलेला पक्षी, दात लागलेला दिसत नसला तरी, त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात न्या. मांजराच्या लाळेतले जिवाणू एकदोन दिवसांत जीव घेतात. प्रतिजैविक लवकर मिळालं तर आशा असते. "बरा वाटतोय, राहू दे" म्हणून ठेवलेले बहुतेक मी पुरलेत.

चिकूवर वाघळांसाठी टाकलेल्या जाळ्यात किंवा मासेमारीच्या तंगुसात, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्यात, अडकलेला पक्षी ओढून सोडवू नका. डोक्यावर फडकं टाका आणि बारीक कात्रीने धागा कापा. खोलवर रुतलेला धागा डॉक्टरांसाठी ठेवा.

ढोकरी आणि बगळे गरीब दिसतात आणि थेट डोळ्यावर चोच मारतात. आधी मान धरा, आपला चेहरा लांब. घार आणि घुबड चोचीपेक्षा पायांनी पकडतात, तेव्हा जाड टॉवेल टाकून पाय आवळून धरा. दिवसा कावळ्यांनी घेरलेलं घुबड बहुतेक वेळा धडधाकट असतं. तिन्हीसांजेपर्यंत खोक्यात ठेवा, अंधार पडल्यावर तिथेच सोडा. अपशकुन म्हणून दगड मारणाऱ्यांना वाडीतले उंदीर मोजायला सांगा.

पावसाळी वाऱ्यात किनाऱ्यालगतच्या वाड्यांत कधी खोल समुद्रातला पक्षी येऊन पडतो, बदकाहून मोठा, टोकदार चोचीचा. बूबी असेल तर चोच चिकटपट्टीने बांधू नका. तिला बाहेरून नाकपुड्या नसतात, ती चोचीच्या कडेने श्वास घेते. आणि "समुद्राचा आहे" म्हणून लाटांत फेकू नका. उडण्याची ताकद संपली म्हणूनच तो जमिनीवर आलाय.

एका वेळी बरेच कावळे किंवा कोंबड्या मेलेल्या दिसल्या तर यातलं काहीच करू नका. हात लावू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. जानेवारी २०२१ मध्ये दापोलीतल्या मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू निघाला होता.

फोन आणि सोडणं

वन विभागाचा १९२६ हा क्रमांक मोबाईलमध्ये आजच घालून ठेवा. गावचा वनरक्षक माहीत असेल तर आणखी बरं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पोपट, घुबड, खंड्या घरात ठेवता येत नाही, 'वाचवलेला' असला तरी. फोनवर जात, जागा, कधी आणि कसा सापडला एवढंच सांगा, फोटो पाठवा. खोकं नेताना मांडीवर घ्या, मोटरसायकलच्या हँडलला लटकवू नका.

बरा झालेला पक्षी सापडला तिथेच सोडायचा, सकाळी, पाऊस नसताना. त्याची जागा, त्याचा जोडीदार, त्याच्या ओळखीची झाडं तिथेच असतात. खोकं जमिनीवर ठेवा, झाकण काढा, चार पावलं मागे या. कधीकधी अर्धा तास तो तसाच बसून राहतो. बसू द्या.

फणसावरचा तो खोडाचा तुकडा मी अजून काढलेला नाही, हल्ली त्यात दयाळ असतो. फक्त सुंभ पावसाने कुजतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलतो, दिवाळीनंतर, आत कुणी नसताना.