वाचनालयाची वेबसाइट करताना

आमच्या वाचनालयाची पहिली वेबसाइट एका सकाळी उघडेचना. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, एका कार्यकर्त्याने स्वतःच्या ईमेलवरून घेतलं होतं. तो नोकरीसाठी परगावी गेला, नूतनीकरणाचे मेल त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिले आणि मुदत संपली. दुसऱ्या वेळी काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला कोडिंगचा गंध नव्हता. तरी आधी संस्थेच्या नावाने ईमेल उघडला, त्यावरून डोमेन घेतलं. पासवर्डची वही आता चेकबुकाशेजारी कपाटात असते. किल्ली सचिव आणि खजिनदार दोघांकडे. नवख्याने सुरुवात इथूनच करावी.

वेबसाइट बनवायचं वर्डप्रेस मोफत आहे, पण होस्टिंगचं, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचं भाडं आणि सततचे अपडेट कोण बघणार? म्हणून मी गूगल साइट्स निवडलं, गूगलचं वेबसाइट बनवायचं मोफत साधन. खर्च फक्त डोमेनचा, वर्षाला हजार-दीड हजार. पहिल्या वर्षीच्या सवलतीवर जाऊ नका, नूतनीकरणाचा दर बघा.

खरा वेळ खाल्ला तो मराठीने. छापखान्यातून आलेले अहवाल श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटमध्ये होते. मजकूर पेस्ट केला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्या जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणं बसवलेली असतात, त्यामुळे असा मजकूर शोधूनही सापडत नाही. तीन संध्याकाळी बसून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइल-संगणकावर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, पुन्हा टाइप केलं. फाँट ‘मुक्ता’ घेतला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेला, मोफत, जोडाक्षरं स्वच्छ दिसतात.

फोटो टाकण्याआधी लहान करा. मोबाइलवरचा चार-पाच एमबीचा फोटो २०० केबीत आणला तरी छान दिसतो, आणि रेंज कमी असलेल्या वाचकाला पान लगेच उघडतं. मुलांचे फोटो पालकांना विचारूनच.

देणगीच्या पानावर न्यासाचा नोंदणी क्रमांक हवाच. देणगीदाराला करसवलत देणारी ८०जी मान्यता असेल तरच सवलतीचा उल्लेख करा. आणि परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची एफसीआरए नोंदणी नसेल, तर परदेशी देणगी घेता येत नाही, हे क्यूआर कोडच्या वरच ठळक लिहा.

शेवटी ग्रंथपालताईंना शेजारी बसवून एक ओळ त्यांच्याच हातून बदलून घेतली. ‘माझ्याकडून पुसलं गेलं तर?’ म्हणून त्या घाबरत होत्या. जुनी आवृत्ती परत कशी आणायची तेही दाखवलं. यंदा दिवाळी अंक योजनेची वर्गणी त्यांनी मला न विचारता बदलली. मला ती साइटवरच दिसली.