जुन्या गाडीच्या पेट्रोल टाकीचे झाकण कसे निवडावे

प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बॅसडर किंवा विलीज जीप सांभाळणारे बहुतेक जण नवे झाकण घेताना ते टाकीच्या तोंडावर बसते की नाही, एवढेच पाहतात. टाकीत हवा कोठून शिरते, हे मात्र त्याआधी पाहायला हवे. एसी पंप, म्हणजे टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल नेणारा पंप, जेवढे पेट्रोल ओढतो तेवढी हवा आत आली नाही, तर टाकीत निर्वात पोकळी तयार होते, पेट्रोल कमी पडू लागते आणि आंबोली किंवा कशेडीच्या चढावर, जेथे इंजिनाला त्याची सर्वाधिक गरज असते, तेथेच गाडी धापा टाकून बंद पडते.

अशा वेळी झाकण हळूहळू सैल करावे. हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष झाकणात किंवा टाकीच्या हवानळीत आहे. आवाज आला नाही, पण इंजिन थंड झाल्यावर किंवा पंपावर ओले फडके ठेवल्यावर गाडी सुरू झाली, तर पेट्रोलची नळीतच वाफ झाली असावी. त्यासाठी झाकण बदलून उपयोग नाही.

टाकीला स्वतंत्र हवानळी असेल, तर ती मोकळी आहे ना हे पाहून बंद झाकण घ्यावे. ती नसेल, तर हवेचे छिद्र असलेलेच घ्यावे. कुलपाच्या झाकणांत पुष्कळदा छिद्र नसते, म्हणून ते विचारून घ्यावे. अमेरिकेत १९७१ च्या मॉडेलपासून वाफ कोळशाच्या डब्यात साठवण्याची रचना आली. अशा आयात गाडीला मूळ प्रकारचेच, आत झडप असलेले झाकण लागते.

कोकणात जुन्या झाकणाच्या आतल्या बाजूचे बारीक छिद्र तांबड्या मातीने बुजलेले आढळते. ते ब्रशने साफ करावे. झाकणाला वरून भोक पाडण्याचा उपाय काही जण करतात, तो कृपया करू नये, कारण आपल्याकडच्या पावसात पाणी थेट टाकीत उतरते आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल ते शोषून घेते. पाणी जास्त झाले की इथेनॉल पाण्यासह वेगळे होऊन तळाशी बसते. खाऱ्या हवेसाठी पितळेवर क्रोम चढवलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे झाकण माझ्या मते थोडे महाग पडले तरी घ्यावे. वॉशर जुन्या कॉर्कचा न घेता इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घ्यावा.

मापासाठी तोंडाचा आतला व्यास व्हर्नियरने मोजावा. खाचेत अडकणारे झाकण असेल, तर त्याच्या पकडींची खोलीही जुन्या झाकणाशी ताडून पाहावी. बसवताना तोंडाच्या कडेवर खडू फिरवून झाकण घट्ट लावावे व काढावे. वॉशरवर पांढरे वर्तुळ कोठेही न तुटता उमटले, तरच ते झाकण ठेवावे.