हेल्मेट निवडताना आणि घालताना

हेल्मेट घालावे की न घालावे, ही ज्याची त्याची मर्जी असावी, असा वाद पुण्यात वर्षानुवर्षे चालत आला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने चालकासाठी आणि मागे बसणाऱ्यासाठीही तो केव्हाच निकालात काढला आहे. तरीही कोणते हेल्मेट घ्यायचे आणि ते कसे घालायचे, हा निर्णय आपल्याच हाती राहतो, आणि माझ्या मते खरी हयगय तिथेच होते.

“गावातल्या गावात कशाला?” असे म्हणणाऱ्यांनी एक हिशेब करून पाहावा. दीड मीटर उंचीवरून खाली येणारे डोके जमिनीवर आदळते, तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. त्यासाठी गाडी पळत असावी लागत नाही, सिग्नलला उभी असतानाचा तोल जाणेही पुरते. हेल्मेटचे बाहेरचे कवच तो आघात पसरवते आणि थर्मोकोलसारखा आतला थर स्वतः चेपला जाऊन तो शोषून घेतो. अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी, तर डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होत असल्याचे आढळले आहे.

खरेदीला जाण्यापूर्वी शिवणकामाची टेप भुवयांच्या बोटभर वरून, डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवून घेर मोजावा आणि तो त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावा. आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा मानक क्रमांक असलेलेच हेल्मेट घ्यावे. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी या चिन्हाशिवाय हेल्मेट विकण्यास मनाई आहे. हनुवटी झाकणारे, पूर्ण चेहऱ्याचे हेल्मेट उन्हाळ्यात नकोसे वाटते हे खरे, पण तोंडावर पडणाऱ्याचा जबडा उघड्या हेल्मेटमध्ये वाचत नाही.

हेल्मेट डोक्यात घातल्यावर गाल किंचित दाबले गेले पाहिजेत आणि ते हाताने डावी-उजवीकडे हलवले असता कपाळाची कातडीही सोबत सरकली पाहिजे. दहा मिनिटे तसेच दुकानात थांबावे. कपाळावर एकाच जागी ठणकू लागले, तर आकार चुकला आहे. मग पट्टा बांधून, मागची कड वर उचलून हेल्मेट पुढे ओढून पाहावे. ते निघून हातात आले, तर रस्त्यावरही निघणारच. केसांचा अंबाडा किंवा मोठा क्लिप आत असेल, तर ते नीट खाली बसत नाही. वेणी मानेपाशी, हेल्मेटच्या खाली बांधावी. ज्यांना रोज स्कार्फ बांधायचा असतो, त्यांनी तो बांधूनच माप घ्यावे.

पट्टा हनुवटीखाली इतकाच सैल असावा की त्यात जेमतेम दोन बोटे शिरतील. बकल न लावता नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्यात उडून जाते. कायद्यालाही ते पट्ट्याने घट्ट बांधलेलेच हवे आहे.

गेल्या पावसाळ्यात वळणावरच्या चिखलात माझी स्कूटर घसरली. हेल्मेटवर बाहेरून नखाएवढा ओरखडा होता, म्हणून मी निर्धास्त होतो. पण घरी आतले कापडी अस्तर सोडवले, तेव्हा पांढऱ्या थरात कानामागून वर गेलेली केसासारखी बारीक चीर दिसली. एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही, त्यामुळे आघात झालेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी वापरू नये. भंगारातून ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर जाऊ नये, म्हणून मी त्याचे पट्टे कापून मगच ते टाकले.

पेट्रोल किंवा थिनरने हेल्मेट पुसू नये, कवच कमकुवत होते. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो. हेल्मेटची काच ओरखड्यांनी भरली की रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश तिच्यावर फाकतो, तेव्हा ती लगेच बदलावी.

मुलांना मोठ्यांचे हेल्मेट चालत नाही. चार वर्षांवरील मुलाला कायद्यानेच हेल्मेट लागते; ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलासाठी, २०२३ पासून लागू असलेल्या नियमानुसार, हेल्मेटसोबत चालकाशी बांधून ठेवणारा सुरक्षा-पट्टाही लागतो, आणि त्याला घेऊन जाताना गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेता येत नाही.