नवा बिअर्डेड ड्रॅगन घरी आला की: आधी ऊब, मग हात

बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे घरी पाळला जाणारा दाढीवाला सरडा, घरी आला की पहिल्याच संध्याकाळी त्याला हातात घ्यायची सगळ्यांना घाई होते. मुलांना तर धीरच धरवत नाही. पण त्या दिवशी त्या जिवाचं सगळंच बदललेलं असतं. उजेड वेगळा, वास वेगळे, खोक्यातून झालेला हादऱ्यांचा प्रवास आणि काचेपलीकडे हलणारी मोठाली तोंडं. अशा वेळी वरून येणारा हात त्याच्या लेखी झडप घालणारा पक्षी असतो.

म्हणून या लेखात हात सगळ्यात शेवटी येतो. आधी ऊब, उजेड, लपायला जागा आणि वेळेवर खाणं. सरड्याला अंगातली उष्णता बाहेरून घ्यावी लागते. अंग पुरेसं तापलं नाही तर त्याला खाल्लेलं पचत नाही आणि चपळाईने पळताही येत नाही. ज्याला पळता येत नाही, तो प्राणी कायम धास्तावलेला राहतो. पुष्कळ लोक महिनोन् महिने ‘आमचा सरडा माणसाळतच नाही’ म्हणतात, आणि खरी अडचण दिव्याची असते.

बिअर्डेड ड्रॅगन मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या प्रदेशातला, शास्त्रीय नाव पोगोना विटिसेप्स. ऑस्ट्रेलिया आपले वन्यजीव व्यापारासाठी देशाबाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे इतरत्र मिळणारी पिल्लं पिढ्यान् पिढ्या बंदिस्त जागेत वाढलेल्या सरड्यांची असतात. आपल्या कुंपणावर मान वरखाली करणारा बागेतला सरडा आणि साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर गळ्याचा निळा पंखा फुलवणारा सरडा, हे दोघेही त्याच्याच अगामिडी कुळातले. त्यांना कधी निवांत पाहिलं असेल तर याची निम्मी भाषा तुम्हाला आधीच येते.

कायद्याचं थोडक्यात सांगते. रानातून पकडलेला कुठलाही सरडा घरी आणू नका. घोरपड तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे, ती बाळगणं गुन्हा आहे. ज्या परदेशी प्रजाती साइट्स कराराच्या (धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्टांत आहेत, त्यांची नोंद 2022 च्या दुरुस्तीनंतर सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. कुठलाही परदेशी सरडा घेताना आजची यादी तपासा आणि विक्रेत्याकडून पक्की पावती घ्या. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांनी आपल्या राज्याचा परवान्याचा नियम आधी पाहावा, न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यात परवाना लागतो.

1. घर आधी, सरडा नंतर

पेटी, दिवे, तापमान हे सगळं सरडा आणण्याच्या दोन दिवस आधी सुरू करून तपासा. प्रौढ सरड्याला साधारण 120 सेंटिमीटर लांब, 60 रुंद आणि 60 उंच एवढी पेटी लागते. एका टोकाला ऊन खायची जागा करा. दिव्याखालच्या दगडाचं किंवा लाकडाचं पृष्ठभागाचं तापमान 38 ते 42 अंश सेल्सिअस हवं. दुसरं टोक 24 ते 28 अंशांच्या आसपास गार ठेवा. रात्री सगळे दिवे बंद. खोली 18 अंशांच्या खाली जात नसेल तर रात्री वेगळी ऊब लागत नाही.

तापमान अंदाजाने ठरवू नका. लांबून नेम धरून मोजायचा इन्फ्रारेड थर्मामीटर फार महाग नसतो, आणि या सगळ्या सामानात माझ्या मते तो सर्वांत उपयोगी आहे. विजेवर तापणारे ‘हॉट रॉक’ मात्र घेऊ नका. पोटाला चटका बसतोय हे या सरड्यांना वेळेत कळत नाही आणि ते भाजून निघतात.

दुसरा दिवा यूव्हीबीचा, म्हणजे उन्हात असतात तशा अतिनील किरणांचा. तो नसेल तर शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषलं जात नाही आणि हाडं मऊ पडतात. ‘आमच्याकडे खिडकीतून भरपूर ऊन येतं’ हे त्यावरचं उत्तर नव्हे, कारण खिडकीची काच यूव्हीबी अडवते. उलट उन्हात ठेवलेली काचेची पेटी काही मिनिटांत जीवघेणी तापू शकते. यूव्हीबी देणारी टी-5 प्रकारची नळी (बारीक ट्यूबलाइट) घ्या, पेटीच्या निम्म्याहून जास्त लांबीवर उजेड पडेल अशी लावा आणि टायमरवर रोज बारा तास चालवा. साधारण वर्षभराने ती बदला. नळी दिसायला उजळच राहते, पण त्यातली यूव्हीबी घटलेली असते.

नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळिशी गाठते, तेव्हा पेटीत गार टोक उरतच नाही. अशा दिवसांत ऊब देणारा दिवा कमी वॉटचा लावा किंवा दुपारी बंद ठेवा आणि खोली थंड करा. यूव्हीबी मात्र चालू राहू द्या.

पेटी जमिनीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा. जमिनीवरच्या पेटीत तुम्ही कायम वरून येता. मागची आणि बाजूची काच कागदाने झाका. स्वतःचं प्रतिबिंब म्हणजे दुसरा सरडा असं समजून तो काचेवर तासन् तास पंजे मारत राहतो, आणि लोकांना वाटतं त्याला बाहेर यायचंय. गार आणि उबदार अशा दोन्ही टोकांना लपायला जागा द्या. तळाला सुरुवातीला साधं वर्तमानपत्र अंथरा, म्हणजे विष्ठा रोज नीट दिसते. वाळू नको. पेटीत सरडा एकटाच ठेवा. दोघे एकमेकांना बिलगून बसले की प्रेम वाटतं, पण वरचा बहुधा खालच्याची ऊब आणि उजेड हिसकावत असतो.

2. पहिला आठवडा

हात लावू नका. खाणं ठेवा, पाणी बदला, घाण उचला, बस्स. रोज ठरावीक वेळी पेटीजवळ बसा, पुस्तक वाचा, हळू आवाजात बोला. तुम्ही येता आणि वाईट काहीच होत नाही, एवढंच त्याला या दिवसांत कळायला हवं. ‘रडत होता म्हणून जवळ घेतलं’ हा न्याय कुत्र्याच्या पिल्लाला लागू पडतो, इथे नाही.

प्रौढ सरडा सुरुवातीचे काही दिवस खात नाही, त्याने घाबरून जाऊ नका. पिल्लू मात्र दोन-तीन दिवस काहीच खात नसेल, डोळे खोल गेले असतील, पाय थरथरत असतील किंवा जबडा मऊ लागत असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या. तब्येत चांगली दिसली तरी पहिल्या महिन्यात विष्ठेची तपासणी करून घ्याच. कॉक्सिडिया आणि पिनवर्म हे आतड्यातले परजीवी या सरड्यांत नेहमी आढळतात, आणि पोट दुखणारा सरडा कुणावर विश्वास ठेवेल?

3. त्याचं म्हणणं वाचा

हा भाग घाईने वाचू नका. पुढचं सगळं यावरच चालतं.

गळ्याखालची दाढी फुगून काळी झाली, तोंड उघडलं आणि अंग पसरून सपाट केलं, तर अर्थ सरळ आहे: मागे हो. पण नुसतं उघडं तोंड पाहून गैरसमज करून घेऊ नका. दिव्याखाली निवांत बसून, दाढी पिवळसर किंवा अंगाच्याच रंगाची ठेवून तो जबडा उघडा ठेवत असेल तर तो जास्तीची उष्णता बाहेर टाकतोय. सकाळी दिवा लागल्यावर पाठ गडद दिसणंही नेहमीचंच, गडद रंगाने ऊब लवकर घेता येते. अर्ध्या तासात रंग उजळला की समजा त्याचा दिवस सुरू झाला. पोटावर गडद नक्षीसारखे पट्टे दिवसभर राहत असतील तर मात्र कशाने तरी तो ताणात आहे. आधी तापमान मोजा.

एक पुढचा पाय उचलून हवेत गोल फिरवणं पिल्लांत फार दिसतं. व्हिडिओत लोक त्याला ‘टाटा करतोय’ म्हणतात. प्रत्यक्षात तो ‘मी लहान आहे, मला मारू नको’ असं सांगत असतो. मान जोरजोरात वरखाली करणं याच्या उलट, ही जागा माझी आहे.

त्याच्या डोक्याच्या वरच्या बाजूला, दोन डोळ्यांच्या मागे मध्यभागी, एक फिकट ठिपक्यासारखा खवला असतो. तो तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, पण उजेड-अंधार कळतो. वरून सावली पडली की तो दचकतो ते त्यामुळेच. म्हणून हात नेहमी समोरून-बाजूने, त्याच्या छातीच्या उंचीवर यावा.

आणि डोळे मिटणं. डोक्यावरून बोट फिरवलं की तो डोळे मिटतो, आणि मालक म्हणतो, ‘बघा, किती आवडतंय.’ नेहमीच तसं नसतं. पळता येत नाही म्हणून डोळे मिटून घेणं हाही घाबरलेल्या सरड्याचा मार्ग आहे. बोट थांबवा आणि पाहा. डोळे उघडून तो तिथेच राहिला, जिभेचं टोक तुमच्या बोटाला टेकवून चव घेतली, तर बरं चाललंय. अंग आखडलं किंवा तो सरकला, तर आज पुरे.

4. खाण्यातून ओळख

पिल्लांना मुख्यतः किडे लागतात, दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटांत खातील तेवढे. प्रौढांना रोज पालेभाज्या आणि आठवड्यातून दोन-तीनदा किडे. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. वरून कॅल्शियमची पूड भुरभुरा. उरलेले रातकिडे रात्री पेटीत ठेवू नका, ते झोपलेल्या सरड्याला चावतात.

घर शाकाहारी असेल तर हा प्रश्न सरडा आणण्याआधीच सोडवा. किड्यांशिवाय पिल्लू वाढत नाही. घरातल्या कुणी किड्यांचा डबा हाताळायला तयार नसेल तर हा प्राणी घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन.

भाजीपाला आपल्या मंडईतला चालतो: मोहरीची पानं, किसलेला लाल भोपळा, थोडी भेंडी, थोडी कोथिंबीर, जास्वंदीची फुलं. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. कांदा, लसूण आणि अ‍ॅव्होकॅडो कधीच नाही. काजवाही नाही. उत्तर अमेरिकेत काजवा खाऊन बिअर्डेड ड्रॅगन दगावल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा बागेत पकडलेला कुठलाच किडा देऊ नका.

आठवड्यानंतर किडे चिमट्याने द्यायला लागा. बोटांनी किडे दिले तर तो बोटालाच खाऊ समजतो. जास्वंदीची पाकळी मात्र खुशाल हातातून द्या. लाल रंगाकडे तो आधी मान तिरकी करून पाहतो, मग एक पाऊल पुढे येतो. ते पाऊल त्याने स्वतःहून टाकलेलं असतं, त्यामुळे त्याला मोल आहे. पाकळी पुढे ढकलू नका.

5. आता हात

तो तुमच्यासमोर मोकळेपणी खायला लागला की सुरुवात करा, त्याआधी नाही.

पहिले काही दिवस हात नुसता पेटीच्या गार टोकाला टेकवून ठेवा, मिनिटभर, न हलवता. त्याची लपायची वाट अडवू नका. तो दुर्लक्ष करायला लागला की पुढची पायरी: खांद्याच्या बाजूला एका बोटाचा हलका स्पर्श, आणि हात बाहेर. मग एके दिवशी बाजूने तळहात छातीखाली सरकवा, दुसरा हात मागच्या पायांखाली आणि शेपटीच्या बुडाशी. चारही पायांना आधार मिळाला की त्याची धडपड निम्म्याने कमी होते. शेपटी धरून कधीही उचलू नका, बिअर्डेड ड्रॅगनची तुटलेली शेपटी पुन्हा येत नाही.

उचलल्यावर जमिनीवर बसा, म्हणजे निसटला तरी उंचावरून पडणार नाही. पाच मिनिटं पुरे. हळूहळू पंधरा-वीस मिनिटांपर्यंत जा, त्यापुढे त्याचं अंग गार पडायला लागतं. खाल्ल्यावर दोन तास हात लावू नका, तेव्हा त्याला दिव्याखाली पचवायचं असतं. कात टाकत असेल तर तेवढे दिवस सोडून द्या, आणि सुटलेली कातडी ओढून काढू नका.

‘घट्ट धरून ठेवा, शेवटी शांत होतो’ असा सल्ला तुम्हाला मिळेल. तो ऐकू नका. गप्प पडणं म्हणजे शांत होणं नव्हे. दाढी काळी झाली की धक्काबुक्की न करता त्याला पेटीत ठेवा आणि उद्या एक पायरी मागे जाऊन पुन्हा करा. कुणाला दोन आठवडे लागतात, कुणाला चार महिने.

मुलं असतील तर एक नियम कडक ठेवा: हात लावून झाल्यावर साबणाने हात धुवायचे, सरड्याचा मुका घ्यायचा नाही. दिसायला ठणठणीत सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालची मुलं, पासष्टीपुढचे आजी-आजोबा आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी त्याला हाताळू नये. त्याची भांडी आणि अंघोळीचा टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचे नाहीत.

सगळं नीट चाललेलं असताना तो अचानक मागे गेला तर

पशुवैद्याकडची फेरी, घर बदलणं, नवी मांजर किंवा फर्निचरची हलवाहलव झाल्यावर जमलेली ओळख काही दिवस विस्कटते. पुन्हा चिमटा आणि पाकळीपासून सुरुवात करा, या वेळी लवकर जमतं.

हिवाळ्यात वर्षभराचा किंवा त्याहून मोठा सरडा कमी खाऊ लागला, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन दिवस दिवस झोपू लागला, तर तो बहुधा ब्रुमेशनमध्ये जातोय, म्हणजे सरड्यांची हिवाळी सुस्ती. हे रुसणं नाही. आधी पशुवैद्याकडून आजार नसल्याची खात्री करा, मग त्याला पडू द्या. पाणी ठेवा आणि दर आठवड्याला त्याच्यासाठी राखलेल्या वजनकाट्यावर वजन करून लिहून ठेवा. निरोगी सरड्याचं वजन या काळात फारसं घटत नाही. झपाट्याने उतरत असेल तर जागा होण्याची वाट पाहू नका, लगेच दाखवा.