शर्यतीतल्या टकरीत चूक कोणाची, हे कसे ठरवावे

पश्चिम द्रुतगती मार्गावर दोन गाड्या एकमेकींना घासल्या की मागून ठोकणाऱ्याचीच चूक, असे आपण मुंबईकर गाडीतून उतरण्याआधीच ठरवून टाकतो. फॉर्म्युला वनची शर्यत पाहताना मात्र हा निकष बाजूला ठेवावा, कारण तिथे मागच्या चालकाला पुढे जाण्याचा पूर्ण हक्क असतो. स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, एवढेच तपासतात की टकरीला कोणी एक जण पूर्णतः किंवा मुख्यतः जबाबदार होता का.

रिप्लेमध्ये धडकेपेक्षा तिच्या आधीचे दोन-तीन सेकंद पाहावेत. पुढच्याने ब्रेक लावत असताना दिशा बदलली का, आणि एपेक्सला, म्हणजे गाडी वळणाच्या आतल्या कडेला सर्वांत जवळ येते तिथे, आतून घुसणाऱ्याची पुढची चाके निदान दुसऱ्याच्या आरशापर्यंत पोहोचली होती का, हे पाहावे. पोहोचली असतील तर बाहेरच्याने जागा सोडायला हवी. मात्र आतल्यानेही गाडी ताब्यात ठेवून, ट्रॅकची हद्द न ओलांडता वळण पूर्ण केले पाहिजे. बाहेरून ओव्हरटेक करणाऱ्याला नियम अधिक कडक आहे, कारण एपेक्सला त्याची पुढची चाके दुसऱ्याच्या पुढे असावी लागतात. हेलिकॉप्टरच्या दृश्यातून गाड्यांची स्थिती कळते, तर ऑनबोर्ड, म्हणजे गाडीवरच बसवलेल्या, कॅमेऱ्यातून स्टिअरिंग किती आणि केव्हा वळले ते कळते, म्हणून दोन्ही पाहावीत.

2021 च्या ब्रिटनमधील सिल्व्हरस्टोन शर्यतीत, पहिल्याच फेरीत, कॉप्स नावाच्या वळणावर आत असलेल्या चालक लुईस हॅमिल्टनचे पुढचे डावे चाक त्याचा प्रतिस्पर्धी मॅक्स वर्स्टापेनच्या मागच्या उजव्या चाकाला लागले. हॅमिल्टन आरशाच्याही पुढे पोहोचला होता, हा त्याच्या चाहत्यांचा दावा पोकळ नव्हता. पण त्याच्या आतल्या बाजूला जागा शिल्लक असूनही त्याची गाडी एपेक्सपर्यंत गेली नाही, आणि माझ्या मते निकाल तिथेच लागतो. पंचांनी त्याला मुख्यतः दोषी धरून 10 सेकंदांची शिक्षा दिली. वर्स्टापेन बॅरिअरवर आदळून रुग्णालयात गेला आणि हॅमिल्टन शर्यत जिंकला, तरी शिक्षा वाढली नाही, कारण पंच कृती तोलतात, परिणाम नव्हे. घरी बसून निवाडा करताना हीच शिस्त सर्वांत अवघड जाते.

दोघांचाही थोडा थोडा दोष दिसत असेल, तर ‘रेसिंग इन्सिडेंट’, म्हणजे कोणालाच शिक्षा नाही, हाच योग्य निर्णय मानावा. पहिल्या फेरीतल्या गर्दीत तर पंचही बरेचदा असाच सौम्य निर्णय देतात.